सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलामुलींनी फेस मास्क घालावा का?

प्रश्न एका पालकांचा आहे. मुलगी 13 वर्षांची, शाळेच्या संघात पिचिंग करते (बॅटरकडे चेंडू टाकते), अधूनमधून थर्ड बेसला (धावायच्या चौकोनाच्या तिसऱ्या कोपऱ्यापाशी) उभी राहते. क्षेत्ररक्षण करताना मास्क, म्हणजे चेंडूपासून चेहरा वाचवणारी जाळी, घातलाच पाहिजे अशी सक्ती नाही. क्रीडाशिक्षकांचे म्हणणे असे की मास्कमुळे चेंडू नीट दिसत नाही आणि मुली भित्र्या होतात. मग मास्क घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता?

घ्यावा. पिचर, थर्ड बेस आणि फर्स्ट बेस या तीन जागांवर 18 वर्षांखालच्या कुणीही, मुलगी असो की मुलगा, मास्कशिवाय उभे राहू नये असे माझे मत आहे. शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली जागा) आणि सेकंड बेसलाही घालावा, कारण आपल्याकडे शाळांची बहुतेक मैदाने मुरमाची आहेत. आउटफिल्डला (बेसच्या पलीकडच्या दूरच्या भागात) मी आग्रह धरणार नाही.

आधी पिचरचे बघू, कारण सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचिंग प्लेटपासून होम प्लेटच्या (बॅटर जिच्याशेजारी उभी राहते त्या पाटीच्या) मागच्या टोकापर्यंत 43 फूट, म्हणजे 13.1 मीटर अंतर असते. लहान वयोगटांत ते आणखी कमी होते. अमेरिकेत 12 वर्षांखालील मुलींना 40 फूट आणि 10 वर्षांखालील मुलींना 35 फूट. पण चेंडू टाकून झाल्यावर पिचर त्या 43 फुटांवर राहतच नाही. तिची उडी पाच-साडेपाच फूट पुढे जाते. शिवाय बॅटर चेंडूला प्लेटच्या मागच्या टोकाशी मारत नाही, पुढच्या कडेशी किंवा त्याच्याही पुढे मारते, आणि प्लेटच 17 इंच खोल असते. म्हणजे चेंडू बॅटला लागतो तेव्हा पिचरचा चेहरा आणि बॅट यांच्यात साधारण 11 मीटर उरतात.

सरळ अंगावर येणारा लाइन ड्राइव्ह (टप्पा न पडता येणारा फटका) ताशी 90 किलोमीटरने आला, तर तो सेकंदाला 25 मीटर जातो. 11 मीटरला 0.44 सेकंद लागतात. वेग 100 किलोमीटर असेल तर 0.4 सेकंद. दिसलेल्या गोष्टीवर हात हलायला सुरुवात होण्यातच साध्या परिस्थितीत पाव सेकंदाच्या आसपास जातो. त्यानंतर चेंडू कुठल्या बाजूला येतोय हे ठरवून ग्लोव्ह मांडीजवळून चेहऱ्यापर्यंत न्यायचा असतो. आणि त्या क्षणी पिचर तयार पवित्र्यात नसते. एका पायावर असते, हात अजून पिचच्या झोकात असतो, तोल सावरायचा असतो. सराव कितीही केला तरी हे गणित फार बदलत नाही.

दुसरी बाजूही बघा. चेंडू टाकला जात असताना बॅटरच्या डोक्यावर हेल्मेट असते, त्याला जाळी लावलेली असते. अमेरिकेतल्या शालेय नियमांत ती जाळी सक्तीची आहे. कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी) मास्क, गळ्याचे गार्ड, छातीचे पॅड आणि लेग गार्ड घालून बसते. आणि पिचर, जिच्याकडे बॅटवरून सुटलेला, बहुतेक वेळा पिचपेक्षाही (टाकलेल्या चेंडूपेक्षाही) वेगवान चेंडू येतो, ती उघड्या तोंडाने उभी. याचे समर्थन करणारे एकही कारण मला पटत नाही.

थर्ड बेसला वेळ याहूनही कमी मिळू शकतो. बेस 60 फुटांवर असला तरी बंटचा (बॅट आडवी धरून चेंडू हलकेच जवळ टाकण्याचा) अंदाज आला की थर्ड बेसवाली खेळाडू पुढे सरकते आणि बंटसाठी बॅट आडवी दिसली की धावतच आत येते. ती 30 फुटांवर पोचली आणि बॅटरने ऐनवेळी बॅट मागे घेऊन जोरात मारले, तर ताशी 90 किलोमीटरचा चेंडू तिच्यापर्यंत 0.37 सेकंदात पोचतो, आणि तीही समोर धावत असते. फर्स्ट बेसलाही बंटवर तसेच आत यावे लागते. त्यात इतरांनी फेकलेले वाकडेतिकडे थ्रो जमिनीवरून उचलायचे.

शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसला अंतर मिळते, पण टप्पा दगा देतो. मुरमात सुपारीएवढा खडा असला तरी गुडघ्याला येणारा ग्राउंडर (जमिनीलगत येणारा चेंडू) हनुवटीला येतो. ग्राउंडर घेताना आपण मुलांना कंबरेत वाकून, डोके खाली, नजर चेंडूवर असेच शिकवतो, म्हणजे चेहरा बरोबर त्या टप्प्याच्या वर असतो. शाळेच्या पातळीवर नाक, ओठ आणि पुढचे दात यांच्या दुखापतींत अशा फसव्या टप्प्यांचा वाटा मोठा. त्यामुळे मास्क घेण्याआधी आणि घेतल्यानंतरही मैदान झाडून खडे वेचणे, पाणी मारणे आणि इनफिल्डवर (बेसच्या आसपासच्या आतल्या भागावर) रोलर फिरवणे चुकवू नका.

चेंडू ‘सॉफ्ट’ असतो हा गैरसमज अजूनही भेटतो. 12 इंची सॉफ्टबॉलचे वजन 178 ते 198 ग्रॅम असते. क्रिकेटचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा. सॉफ्टबॉलचा व्यास सुमारे 9.7 सेंटिमीटर. यावरून काही जण म्हणतात, एवढा मोठा चेंडू डोळ्याच्या खोबणीत शिरणारच नाही, मग डोळ्याला धोका कसला? चेंडू आत शिरावा लागत नाही. तो खोबणीच्या कडेवर आदळला की कडेचे हाड दबते आणि आतल्या मऊ भागावर एकदम दाब येतो. खोबणीची तळाची भिंत कागदासारखी पातळ असते. ती फुटते आणि डोळा हलवणारा स्नायू त्या फटीत अडकू शकतो. कडा शाबूत राहिली तरी ही इजा होते. मुलांमध्ये ती फसवी असते. त्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

आता आक्षेपांकडे येतो.

‘चेंडू दिसत नाही’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. चुकीच्या मापाचा किंवा सैल मास्क असेल तर खरेच दिसत नाही. खालची दांडी डोळ्यांपासून लांब गेली की पायाजवळचा चेंडू तिच्यामागे लपतो. मास्क घसरून वरची पट्टी भुवईवर आली की फ्लाय (उंच उडालेला चेंडू) हरवतो. चांगल्या मास्कची दृष्टीची फट रुंद असते आणि दांड्या डोळ्यांच्या इतक्या जवळ असतात की नजर लांब लावली की त्या जाणवेनाशा होतात. पहिल्या दिवशी प्रत्येकाला दांड्या दिसतात. आठ-दहा सरावांत त्या दिसेनाशा झाल्या नाहीत, तर मापात चूक आहे असे समजा.

‘भित्र्या होतात’ हे मात्र उलटे आहे. तोंडावर एकदा चेंडू खाल्लेली मुलगी पुढच्या ग्राउंडरला मान फिरवते. मान फिरवली की नजर सुटते, नजर सुटली की चेंडू ग्लोव्हला न लागता गालावर किंवा कानामागे लागतो. मास्क घातलेली मुलगी डोके खाली ठेवते आणि शेवटपर्यंत चेंडू बघते. क्रीडाशिक्षकांच्या म्हणण्यात एक रास्त भीती दडलेली आहे, ती अशी की मास्क आहे म्हणून मूळ पवित्रा ढिला पडेल. ती भीती सरावातून काढायची. पिच सुटल्यावर मागचा पाय ओढून घेणे, दोन्ही पाय खांद्याइतके फाकवून गुडघे वाकवणे, ग्लोव्ह छातीसमोर उघडा ठेवणे, हे प्रत्येक पिचनंतर झालेच पाहिजे. तयारीच्या पिचनंतरही. प्रशिक्षकांनी पिचनंतर लगेच चार-पाच मीटरवरून टेनिस बॉल पिचरच्या अंगावर फेकावा आणि तिने तो ग्लोव्हने घ्यावा. एका वेळी दहा-बारा चेंडू पुरे, दमल्यावर पवित्रा बिघडतो.

‘मोठ्या स्पर्धांतले खेळाडू तरी कुठे घालतात?’ असेही विचारतात. काही घालतात, काही नाही. जे घालत नाहीत ते प्रौढ आहेत, सपाट राखलेल्या इनफिल्डवर खेळतात आणि आपला निर्णय स्वतः घेतात. 13 वर्षांच्या मुलीचा निर्णय मोठ्यांनी घ्यायचा असतो.

नियमांचीही आडकाठी नाही. क्षेत्ररक्षण करणाऱ्या खेळाडूला मास्क घालता येतो. मास्क चकाकणारा नसावा, तडकलेला, वाकलेला किंवा पॅड निघालेला नसावा. आणि क्षेत्ररक्षकाचा हलका मास्क कॅचरच्या मास्कऐवजी चालत नाही. हे तिसरे फार ठिकाणी मोडले जाते: कॅचर लेग गार्ड बांधत असते, तोवर दुसरी कुणीतरी हलका मास्क घालून, किंवा काहीच न घालता, पिचरचे चेंडू घ्यायला बसते. पिचरला वॉर्म-अप देणाऱ्यानेही कॅचरचाच मास्क घालावा. सामन्याआधी अंपायरना मास्क दाखवून ठेवा म्हणजे मध्येच खोळंबा होत नाही.

कोणता घ्यावा? बाजारात दोन जाती आहेत. एक पोलादी तारांच्या जाळीचा, दुसरा पॉलिकार्बोनेट किंवा तत्सम कडक प्लॅस्टिकचा. रिप-इट, शट, चॅम्प्रो अशा कंपन्यांचे मास्क सॉफ्टबॉलच्या क्षेत्ररक्षणासाठीच बनवलेले आहेत आणि ऑनलाइन मिळतात. पिचर आणि थर्ड बेससाठी मी पोलादी जाळीचा पसंत करतो. तो थोडा जड असतो, पण दांड्या बारीक असल्याने दिसते जास्त, वारा लागतो, आणि जोराचा चेंडू लागल्यावर बिघाड झालाच तर तो डोळ्यांनी दिसतो, कारण दांडी वाकते. प्लॅस्टिकमध्ये केसासारखी चीर पडते आणि ती पॅडखाली लपते. लहान चणीच्या मुलीला पोलादी मास्क मानेवर जड वाटत असेल, तर प्लॅस्टिकचा घ्या. कपाटात राहणाऱ्या पोलादी मास्कपेक्षा तोंडावर राहणारा प्लॅस्टिकचा कितीतरी बरा.

आपल्याकडे दोन पर्याय सहज हाताशी येतात, त्यांच्याबद्दल सावध राहा. क्रिकेटचे हेल्मेट हे पहिले. त्याची जाळी सॉफ्टबॉल अडवेल, कारण ती त्याहून लहान चेंडूसाठी बनवलेली असते. पण ते डोक्यावर मोठे, उकाड्याचे आणि पायाजवळचा चेंडू लपवणारे असते. पिचिंग करताना त्याचा तोलही जाणवतो. दुसरा पर्याय म्हणजे हॉकीत पेनल्टी कॉर्नरला बचाव करणारे घालतात तो चेहऱ्यालगतचा मास्क. तो काही सेकंदांच्या कामासाठी असतो. सहा-सात डाव घातला तर घामाने आतून धुके धरतो, बाजूचे दिसत नाही आणि चेहऱ्याला इतका चिकटून असतो की जड सॉफ्टबॉलचा धक्का गालाच्या हाडापर्यंत पोचू शकतो. दुसरे काहीच नसेल तर एखाद्या सामन्यापुरते हॉकीच्या मास्कवर भागवा, पण ती व्यवस्था म्हणून स्वीकारू नका.

माप घेताना घाई करू नका. मास्क नकोसा होण्याचे मुख्य कारण चुकीचे माप हेच असते. मुलीने जसे केस बांधून खेळायचे, तसेच बांधून मास्क घालायचा. कपाळाची पट्टी भुवयांच्या वर साधारण एक बोट बसावी. हनुवटी कपात पूर्ण टेकली पाहिजे. हनुवटीखाली पोकळी राहिली तर मास्क मोठा आहे. मग तळव्याने समोरून जाळी चेहऱ्याकडे दाबा, चांगली जोराने. नाकाच्या शेंड्याला किंवा ओठांना जाळी लागता कामा नये. दाबल्यावरही मधे एक बोट तरी राहावे. नंतर सॉफ्टबॉल घेऊन तो जाळीच्या प्रत्येक फटीवर दाबून बघा, विशेषतः डोळ्यांसमोरच्या. चेंडू आत घुसून भुवईच्या हाडाला किंवा गालाला टेकत असेल, तर तो मास्क दुकानातच ठेवा. शेवटी मुलीला डोके जोरात हलवायला, मग खाली वाकून बुटांच्या टोकांकडे बघायला, मग आकाशाकडे बघायला सांगा. तिन्ही वेळा मास्क जागेवर राहिला आणि बुटांसमोर ठेवलेला चेंडू दिसला की माप बरोबर.

पट्टे हा वेगळाच विषय आहे. बहुतेक मास्क मागे पोनीटेल बाहेर काढता येईल असे असतात: एक पट्टा पोनीच्या वरून, एक खालून. शाळेच्या शिस्तीप्रमाणे दोन वेण्या घातल्या तर वरचा पट्टा दोन्ही वेण्यांच्या मधून घसरत वर चढतो आणि हनुवटी सुटते. खेळायच्या दिवशी मानेजवळ एकच वेणी घाला. केसांना तेल असेल तर पट्टा सरकतो आणि इलॅस्टिकही लवकर ढिले पडते, म्हणून सराव-सामन्याच्या दिवशी तेल नको. टोपीवर मास्क चढवू नका; टोपीची झापड वरच्या पट्टीला ढकलते आणि सगळा मास्क पुढे कलतो. घामासाठी कपाळावर सुती पट्टी पुरते. चष्मा असेल तर मास्क जास्तच गरजेचा, पण चष्म्याच्या काचा पॉलिकार्बोनेटच्या करून घ्या आणि मास्क विकत घेताना चष्मा घालूनच माप बघा. दातांना तारा लावल्या असतील तर माउथगार्डही हवा.

सवय टप्प्याटप्प्याने लावायची. पहिले दोन-तीन सराव फक्त जोडीने थ्रो-कॅच करताना घालू द्या. मग फ्लाय, मग हाताने सोडलेले ग्राउंडर, मग बॅटने मारलेले, आणि सगळ्यात शेवटी समोर बॅटर ठेवून पिचिंग. पिचरला सुरुवातीला हनुवटीचा कप खांद्याला लागल्यासारखा वाटतो. बहुतेक वेळा खालचा पट्टा एक घर घट्ट केला की प्रश्न सुटतो. सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा मास्क चढवणे ही सगळ्यात वाईट सुरुवात आहे. त्या दिवशी एक जरी चूक झाली तरी मुलगी तो पुन्हा हातात घेणार नाही.

शक्य असेल तर निर्णय एका मुलीपुरता न ठेवता संघापुरता करा. एकटीने मास्क घातला की चिडवाचिडवी होते आणि तिसऱ्या दिवशी मास्क पिशवीत जातो. शाळेने दोन मापांत मिळून चार मास्क घेतले तर पिचर, थर्ड आणि फर्स्ट यांची सोय होते आणि एक राखीव राहतो. मुलांच्या संघांनाही हेच लागू आहे. पुरुषांच्या खेळात पिचिंगचे अंतर 46 फूट, म्हणजे फक्त तीन फूट जास्त, आणि 16-17 वर्षांच्या मुलांचा फटका मुलींपेक्षा बराच जोराचा असतो. तरी मुलांच्या संघात मास्क क्वचित दिसतो, आणि ही उपेक्षा मला फार खटकते.

मास्क काय वाचवत नाही, तेही सांगून ठेवतो. तो कवटी, कानामागचा भाग, गळा आणि छाती वाचवत नाही. मेंदूला बसणारा हादरा तो थांबवेलच अशी खात्री नाही. म्हणून बॅटिंगच्या सरावात पिचरसमोर एल-स्क्रीन, म्हणजे एका बाजूचा कोपरा कापलेली जाळीची चौकट, लावावी. सॉफ्टबॉलसाठी तो कोपरा खालच्या बाजूला हवा, कारण चेंडू खालून सुटतो. बेसबॉलची, वरचा कोपरा कापलेली चौकट उलटी करूनही भागते. सरावात एकाच वेळी दोन ठिकाणी चेंडू मारले जात असतील, तर थ्रो घेणाऱ्या खेळाडूची पाठ कधीही दुसऱ्या बॅटरकडे होऊ देऊ नका.

निगा सोपी आहे. मुरमाची धूळ आणि घाम यांनी पॅड कडक होतात. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवा. प्लॅस्टिकच्या मास्कला थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, त्याने पॉलिकार्बोनेट तडकते. गाडीत उन्हात ठेवू नका. पोलादी जाळीत जोडाजवळ गंज दिसतो का ते बघत राहा. जोराचा चेंडू लागून दांडी वाकली तर ती पक्कडीने सरळ करू नका आणि वेल्डिंगही करून आणू नका. तो मास्क बाद.

मास्क असो वा नसो, चेहऱ्यावर चेंडू लागल्यावर मैदानावर काय करायचे ते संघातल्या एका तरी मोठ्या माणसाला पाठ हवे. नाकातून रक्त येत असेल तर डोके पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा ते पंधरा मिनिटे सलग दाबून धरा; डोके मागे टाकू नका. रक्त थांबल्यावर नाक आतून बंद झाल्यासारखे वाटत असेल तर नाकाच्या मधल्या पडद्यात रक्त साचले असू शकते, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. कायमचा दात मुळासकट पडला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मूळ घासू नका, जमल्यास लगेच जागेवर बसवा, नाहीतर थंड दुधात ठेवून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे पोचा.

डोळ्याजवळ लागले असेल तर डोळा चोळू नका, त्यावर बर्फ दाबू नका, नाक शिंकरू देऊ नका. दोन-दोन दिसणे, गाल किंवा वरचा ओठ बधिर होणे, बुबुळासमोर रक्ताची रेघ दिसणे, यांपैकी काहीही असले तर तडक नेत्ररुग्णालय. वाटेत डॉक्टरांना न विचारता अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. आणि मुलांमधली फसवी इजा ती हीच: डोळा बाहेरून जवळजवळ पांढरा, सूज नाममात्र, पण वर बघायला सांगितले की तो डोळा वर जात नाही, दुखतो, आणि मूल उलट्या करते. डोक्याला मार लागला असेल असे समजून त्याला नुसते झोपवून ठेवले जाते, आणि तिकडे अडकलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटत असतो. अशा मुलाला त्याच दिवशी सीटी स्कॅन आणि नेत्रशल्यचिकित्सक दोन्ही मिळतील अशा ठिकाणी न्या, आणि चेंडू किती वाजता लागला ते कागदावर लिहून सोबत द्या.